कागद आहेत म्हणून विदेशी प्राण्यांचं ब्रीडिंग सुरू करावं का?

प्रश्न इंदूरच्याच एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे सन कन्यूर पोपटांची जोडी आहे. वर्षातून दोन-तीनदा पिल्लं होतात आणि लगेच विकली जातात. आता बाहेरगावचा एक ब्रीडर ग्रीन इग्वाना या सरड्याची दोन पिल्लं, बॉल पायथन सापांची जोडी आणि मार्मोसेट माकडांची जोडी द्यायला तयार आहे. कागद देतो म्हणतो. सुदामानगरात आमची गच्ची मोकळीच आहे. मोठा भाऊ म्हणतो हे क्रौर्य आहे. ब्रीडर म्हणतो, लोकांनी पाळल्यामुळेच या जाती जगतील. कायद्यात बसत असेल तर जोडधंदा म्हणून सुरू करावं का?"

मी पशुवैद्य आहे. महूला शिकले, इंदुरात प्रॅक्टिस करते. कुत्री-मांजरं तर रोजचीच, पण गेली बरीच वर्षं पक्षी, कासवं, सरडे, साप, शुगर ग्लायडर हेही माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकते. मार्मोसेट घेऊ नका, कितीही कागद असले तरी. इग्वाना आणि पायथन ब्रीडिंगसाठी घेऊ नका. कन्यूर ठेवा, चांगले ठेवा, पण त्यांची पिल्लं काढणं आजपासून कमी करा.

तुम्ही विचारलंत की कायद्यात बसतं का. भाऊ विचारतो की हे क्रौर्य आहे का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण मला तुमच्या प्रश्नातलं एक छोटं वाक्य जास्त खटकलं: "लगेच विकली जातात." कुणाकडे जातात? पुढे त्यांचं काय होतं? सन कन्यूर नीट सांभाळला तर पंधरा ते तीस वर्षं जगतो. ब्रीडिंगचा सगळा वाद मला शेवटी इथेच येऊन अडलेला दिसतो. आपण जन्माला घातलेल्या जिवाचं उरलेलं आयुष्य कुठे आणि कसं जाणार, हे माहीत नसताना पुढची अंडी घालू द्यायची का?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. गच्ची पत्र्याची आहे की स्लॅबची? घरात दिवसभर कोणी असतं का? लहान मुलं आहेत का? शेजारच्या घराची भिंत लागून आहे का? इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली उतरतो. ऊन आणि थंडी दोन्ही झेलणाऱ्या गच्चीवर उष्ण, दमट जंगलातला प्राणी ठेवायचा, तर तिथे बंदिस्त खोली, हीटर, कूलर आणि वीज गेल्यावर चालणारी सोय लागते. "मोकळी गच्ची" हा सेटअप होत नाही. पण गच्ची उत्तम असती तरी माझं उत्तर फारसं बदललं नसतं.

आधी कायदा, कारण तो त्या मानाने सरळ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. तरी कित्येक वर्षं परिस्थिती अशी होती की देशी पोपट पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा, आणि परदेशी मकॉ पोपट एकदा देशात शिरला की त्याला विचारणारं कोणी नाही. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना काढली: तुमच्याकडे जे विदेशी प्राणी आहेत ते मुदतीत जाहीर करा, जुने कागद मागणार नाही. तीस हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले. मग २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतल्या जाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. कलम ४९-एम प्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने नोंदणी करायची, दिला-घेतला तर कळवायचं, पिल्लू झालं तर कळवायचं, मेला तर तेही कळवायचं. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिने दिले होते, त्यानंतर नवीन प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवस. अर्ज केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करायचा. साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातल्या जातींचं, उदाहरणार्थ आफ्रिकन ग्रे पोपट किंवा स्कार्लेट मकॉ यांचं ब्रीडिंग करायचं असेल तर वेगळा परवाना लागतो.

तुम्हाला देऊ केलेल्या तिन्ही जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तुमचे सन कन्यूरही त्याच परिशिष्टात आहेत. बजरी आणि कॉकाटील हे छोटे पोपट त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना ही नोंदणी नाही. आपला हिरवा देशी पोपट आणि स्टार कासव मात्र कुणी फुकट दिलं तरी घरात आणू नका. स्टार कासव आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. तुमच्या प्रश्नात कन्यूरच्या नोंदणीचा कुठेच उल्लेख नाही, हे मी मुद्दाम लक्षात आणून देते. झाली नसेल तर इतर सगळं बाजूला ठेवून नवरतनबागेतल्या वनविभागाच्या कार्यालयात जा आणि आता काय मार्ग आहे ते विचारा.

आता "कागद देतो" याबद्दल. २०२० च्या योजनेचा कागद इतकंच सांगतो की अमुक माणसाने अमुक प्राणी आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. तो प्राणी कुठून आला, हे त्यात नसतं. तो कागद त्या ठरावीक प्राण्याचा असतो. त्याची झेरॉक्स पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली म्हणून नवा प्राणी कायदेशीर होत नाही. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांच्या कागदावर दोन प्राणी असतात आणि त्याच कागदावर विकत घेतलेला प्राणी पिशवीतून तिसऱ्याच घरातून आलेला असतो. त्यांना फसवलं गेलंय हे त्यांना दवाखान्यात कळतं.

पिंजऱ्यात जन्मलेला आणि रानातून धरलेला यांत फरक ओळखायला काही खुणा आहेत. पक्ष्याच्या पायातली बंद रिंग ही त्यातली चांगली. पिल्लू साधारण दहा दिवसांचं असताना पाऊल अजून मऊ आणि लहान असतं, तेव्हाच ती सरकवता येते. पाऊल वाढलं की ती निघतही नाही आणि नव्याने घालताही येत नाही. म्हणून बेताच्या मापाची बंद रिंग असेल तर पक्षी कुणाच्या तरी हाताखाली वाढलाय असं मानता येतं. पण रिंग सैल असेल, किंवा बोटांच्या सांध्यावर जुनी जखम आणि वाकडेपणा असेल, तर मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जबरदस्तीने चढवलेली असू शकते. सापांना रिंग नसते, तिथे वेगळं पाहावं लागतं. "घरच्याच अंड्यातला" म्हणून आणलेला बॉल पायथन मी भिंगाखाली घेते, तेव्हा कधी कधी हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटीत गोचीड सापडते. घरातल्या प्लास्टिकच्या खोक्यात जन्मलेल्या सापाला गोचीड कुठून लागणार? टोगो, घाना, बेनिन या देशांतून हे साप मोठ्या प्रमाणात बाहेर जातात आणि त्यांतले बरेच रानातल्या गाभण माद्यांच्या अंड्यांतले असतात. इंडोनेशियातून "पिंजऱ्यात पैदा केलेले" म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात किमान ८० टक्के साप प्रत्यक्षात रानातून धरलेले निघाले. ब्रीडिंगचा शिक्का हा पकडलेल्या प्राण्याला स्वच्छ करून बाजारात आणायचा रस्ता होऊन बसतो. माझा पहिला विरोध याला आहे.

"पाळल्यामुळे जात जगते" हे मात्र सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि तेच पुढे करून बाकीचं खपवलं जातं.

सुरुवात तुमच्याच पक्ष्यापासून करा. सन कन्यूर जगभरच्या पिंजऱ्यांत लाखोंनी आहे. त्याचं मूळ घर उत्तर ब्राझील आणि गयानाकडे, आणि तिथे तो संकटग्रस्त आहे, त्याचं एक मोठं कारण म्हणजे पिंजऱ्यांसाठी झालेली पकड. म्हणजे तुमच्या घरी जन्मलेल्या पिल्लांनी गयानातला एकही थवा वाढला नाही. अ‍ॅक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचराचंही तसंच. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेला हा प्राणी २०१४ पर्यंत ३६ वर आला, आणि त्याच काळात जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत त्याची पैदास जोरात चालू होती. पाणी घाण झालं, तिथे परके मासे सोडले गेले, ते प्रश्न काचेच्या टाकीत सुटणारे नव्हते.

याच्या उलट उदाहरण स्पिक्स मकॉचं. ब्राझीलमधला रानातला शेवटचा पक्षी २००० साली दिसेनासा झाला. जे उरले ते माणसांच्या ताब्यात होते म्हणून उरले, हे मी मान्य करते. जर्मनीतल्या केंद्रातून मार्च २०२० मध्ये ५२ पक्षी ब्राझीलला परत गेले आणि २०२२ मध्ये पहिले आठ रानात सोडले. पण त्यामागे काय होतं ते पाहा: प्रत्येक पक्ष्याची वंशावळ, कुणाची जोडी कुणाशी लावायची याचा शास्त्रीय हिशोब, सरकारी करार, सोडायच्या जागी जंगल राखणं. इतकं करूनही वाद सुटले नाहीत. २०२३ मध्ये जर्मनीतल्या त्याच केंद्रातून २६ पक्षी गुजरातेत जामनगरला आले, त्यावर ब्राझीलने हरकत घेतली. २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या त्या पक्ष्यांत चोच-पिसांच्या रोगाचा सर्कोव्हायरस सापडला. जात वाचवण्याचं काम असं असतं. तुमच्या ब्रीडरकडे पायथनच्या आजी-आजोबांची नोंद आहे का, एवढंच विचारून बघा.

आणि आपल्या मध्य प्रदेशातलं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९५१ च्या मे महिन्यात रीव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला, मोहन. त्याला गोविंदगढच्या वाड्यात ठेवला. साध्या रंगाच्या वाघिणीपासून पांढरी पिल्लं झाली नाहीत, तेव्हा त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. मोहनचं नाव जगभर गेलं, पुढे जगातल्या पिंजऱ्यांतले पुष्कळ पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. रंग टिकवायचा म्हणून बाप-लेक, भाऊ-बहीण असे जोड लागत राहिले. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा वारंवार दिसतो. डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जोडणीच या रंगाबरोबर बिघडलेली असते. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना रंगासाठी पांढरे वाघ पैदा करू नका असं सांगितलं. वाघ ही जात वाचवण्यात त्या पांढऱ्या वंशाचा काही वाटा नाही. आज बॉल पायथनच्या बाजारात तेच चाललंय, फक्त साप लहान आहे म्हणून कुणाला दिसत नाही. 'स्पायडर' नावाच्या मॉर्फची, म्हणजे मुद्दाम पैदा केलेल्या रंग-नक्षीच्या वाणाची, नक्षी सुंदर असते, आणि त्याच जनुकाबरोबर मान डोलणं, डोकं उलटं पडणं, उंदरावर झेप घेताना नेम चुकणं हेही येतं. ब्रीडर त्याला "थोडा वॉबल" म्हणतो. तो साप आयुष्यभर आपलं डोकं सावरत असतो, आणि ते आयुष्य वीस-तीस वर्षांचं असतं.

आता प्राण्यांकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

ग्रीन इग्वाना विकला जातो तेव्हा हातभर नसतो, हिरवागार असतो, कुणालाही आवडेल. मोठा झाला की शेपटीसकट पाच-सहा फूट. माझ्याकडे येणारे इग्वाना बहुतेक वर्ष-दीड वर्षाचे असतात आणि तक्रार एकच, "खात नाही, सुस्त आहे." मी खालचा जबडा दोन बोटांत धरते, तो रबरासारखा वाकतो. मांड्या गुबगुबीत दिसतात, मालकाला वाटतं अंग धरलंय. ते मांस नसतं. हाडातला कॅल्शियम निघून गेला की शरीर हाडाभोवती तंतू भरतं, ती सूज असते. बोटं थरथरत असतात. एक्स-रेत हाड काचेसारखं पारदर्शक दिसतं, आणि कधी कधी मोडलेलंही, मालकाला पत्ता नसताना.

हे का होतं? टाकी खिडकीपाशी ठेवलेली असते, "ऊन मिळतं की." पण खिडकीची काच ऊन आत सोडते आणि त्यातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते. ते किरण कातडीवर पडल्याशिवाय इग्वानाच्या अंगात पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही. यूव्हीबीची नळी लावली तरी ती सहा महिने ते वर्षभरात निकामी होते. उजेड तसाच पडत राहतो, किरण संपलेले असतात, म्हणून कुणी बदलत नाही. खायला पालक दिला जातो, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, जनावरांना घालतात तो रिजका (लसूणघास) हे इथे सहज मिळतं आणि पालकापेक्षा पुष्कळ बरं, पण विकणारा हे सांगत नाही. उबेची जागा पस्तीस अंशांच्या आसपास आणि दुसरी बाजू थंड, दमटपणा भरपूर. हे इंदूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये रोज राखावं लागतं. आणि एक मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. ब्रीडिंग करायचं म्हणता, तर एवढ्या पिल्लांना यूव्हीबी लावणारी एवढी घरं इंदुरात कुठे आहेत?

मार्मोसेटबद्दल मी थोडक्यातच लिहिते कारण त्यात तोलून बघण्यासारखं काही नाही. हे माकड कुटुंबात राहतं. बहुतेक जुळी होतात आणि बाप ती पाठीवर घेऊन हिंडतो. बाजारात पिल्लू आईबापांपासून तोडून, बाळाच्या बाटलीसकट, फोटोसाठी विकलं जातं. आपल्या ओठाच्या कडेला तापानंतर जे बारीक फोड येतात त्यांचा विषाणू आपल्याला फार त्रास देत नाही, मार्मोसेटला तो मारतो. घरातल्या कुणाच्या तरी एका पाप्याने. हा प्राणी घरात ठेवायचाच नाही, हे माझं मत पक्कं आहे आणि कोणत्याही सेटअपने ते बदलणार नाही.

कन्यूरबद्दल तुम्हाला वाटत असेल की तिथे सगळं ठीक आहे. वर्षात दोन-तीन वेळा पिल्लं, हे मला ठीक वाटत नाही. सारखी अंडी घालणाऱ्या मादीचा कॅल्शियम हाडांतून ओढला जातो. सूर्यफुलाच्या बियांवरच पोसलेली असेल तर आणखी लवकर. मग एक दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसते, श्वासागणिक शेपटी खालीवर होते, लोकांना वाटतं सर्दी झाली. अंडं आत अडकलेलं असतं. एक्स-रेत त्याचं कवच धुरकट, पातळ दिसतं. ऊब, दमट हवा, कॅल्शियमचं इंजेक्शन यांनी पुष्कळदा सुटते, पण दिवसभर वाट पाहून आणलेली मादी हातात असतानाच जाते. अशा मादीचे मालक काही निर्दय नसतात. त्यांना फक्त पुढच्या पिल्लांची मागणी आलेली असते.

पिल्लं तुम्ही किती दिवसांची विकता? दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू, सोबत सिरिंज आणि पावडरीचा डबा, "हँडफीड करा म्हणजे माणसाळेल" असं सांगून विकण्याची जी पद्धत पडली आहे ती बंद व्हायला हवी. पेज चाळीस अंशांच्या आसपास लागते. थोडी गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते आणि काही दिवसांनी तिथे भोक पडून खाल्लेलं बाहेर येतं. थंड झाली तर पिशवीत आंबते. घाईत दिली तर फुप्फुसात जाते. कॉलेजातल्या मुलाच्या हातात पहिल्यांदाच पिल्लू देऊन त्याच्याकडून हे सगळं जमावं अशी अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

तुमच्या भावाचं म्हणणं मी पूर्ण मान्य करत नाही, तेही सांगायला हवं. बजरी १८४० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेले, तेव्हापासून पिंजऱ्यात पिढ्या गेल्या आहेत. थव्यात, उडायला जागा असलेल्या मोठ्या जाळीत ते खरोखर चांगले राहतात. काही छंदी लोक आपल्या प्राण्याबद्दल एवढं वाचतात, एवढ्या नोंदी ठेवतात की मलाही त्यांच्याकडून शिकायला मिळतं. आणि सरसकट बंदीचा एक परिणाम मी दवाखान्यात बघते: नोंदणी नसलेला माणूस भीतीने आजारी प्राणी आणतच नाही. म्हणून मी बंदीपेक्षा मोजक्या, परवानगी असलेल्या जातींच्या यादीच्या बाजूची आहे. यादीत काय घालायचं हे त्या जातीची गरज सामान्य घरात भागते का यावर ठरावं. माकडं, मकॉ, मोठे सरडे त्यात बसत नाहीत. बॉल पायथन सीमेवर आहे. अनुभवी माणसाने एकच, नोंदणी करून, आयुष्यभरासाठी पाळला तर मी हरकत घेणार नाही.

जोडधंदा म्हणून हिशोब केलात तरी तो उलटतो. एखादी जात सहज पैदा होऊ लागली की प्रत्येकाकडे जोडी येते, भाव उतरतो, आणि मग नवा मॉर्फ, नवी जात आणावी लागते. उतरलेल्या भावाच्या प्राण्यांचं काय होतं? कमला नेहरू प्राणिसंग्रहालय कुणाचा मोठा झालेला इग्वाना ठेवून घेण्यासाठी नाही. मग सोडून देतात. एप्रिल २०२२ मध्ये उत्तर बंगालात जलपायगुडी भागात रस्त्याकडेला कांगारू सापडले, ते असेच कुठून तरी कुठेतरी नेले जात होते. फ्लोरिडात पाळीव बाजारातून सुटलेले आणि सोडलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत इतके वाढले की २०१२ च्या अभ्यासात तिथे रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. आपल्याकडे सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. लाल कानाचं स्लायडर कासव जगातल्या सगळ्यांत त्रासदायक परक्या जातींत गणलं जातं, आणि "तलावात सोडलं, मोकळं केलं" असं मला लोक अभिमानाने सांगतात. रालामंडलचं अभयारण्य असो की सिरपूर, तिथे काहीही सोडायचं नाही.

रोगाचंही बघा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला, हे इंदूरकरांना आठवत असेल. उघड्या गच्चीवरच्या जाळीत कावळ्या-कबुतरांची विष्ठा पडते, तिथे हा धोका कायमचा आहे. बाहेरून नवा पक्षी आणलात तर निदान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावा, सर्कोव्हायरसची आणि सिटाकोसिसची तपासणी करावी. सिटाकोसिस माणसाला न्यूमोनिया देतो. घरात लहान मूल असेल तर सरडे-कासवांमुळे साल्मोनेलाही येतो.

म्हणून आता असं करा. त्या ब्रीडरला विचारा की प्राणी पोर्टलवर त्याच्या नावावर नोंदलेले आहेत का आणि विक्रीची नोंद तो प्राणी देण्याच्या वेळीच करणार का. "नंतर बघू" म्हणाला तर तिथेच थांबा. घरी कन्यूरची घरटं-पेटी काढून घ्या, वर्षात फार तर एकदा लावा. बिया कमी करून पेलेट (तयार दाणेदार खाद्य), भाज्या आणि कॅल्शियम सुरू करा. ग्रॅमचा काटा आणा आणि मादीचं वजन दर दोन-तीन दिवसांनी लिहून ठेवा. ती तळाशी फुगून बसलेली दिसली तर सकाळची वाट पाहू नका. पुढची पिल्लं झाली तर वेळेत रिंग घाला, जन्म कळवा, आणि स्वतः खायला लागेपर्यंत कुणाला देऊ नका. देताना घेणाऱ्याच्या नावाने नोंद होईल आणि त्याला जमलं नाही तर पक्षी तुमच्याकडेच परत येईल, हे लिहून घ्या.

आधीच्या पिल्लांच्या पायात रिंग होती का आणि ती कुणाकुणाकडे गेली, एवढं कळवा. त्यावरून वनविभागात काय घेऊन जायचं ते मला नेमकं सांगता येईल.